निघालीय, वाटेत आहे

आईचं दिवसकार्य उरकून ताई कामावर आली, तेव्हा तिच्या जागी तिच्यासोबत काम करणारी चिमणी उभी होती. इस्त्रीच्या गरम रोलरखाली चादर सरकवत होती आणि ते काही तिला जमत नव्हतं.

"हात भाजून घेशील. बाजूला सर," ताई म्हणाली.

चिमणी सरली नाही. तिने बॉयलर सांभाळणाऱ्या काकांकडे पाहिलं. काकांनी रोलर बंद केला आणि सगळ्यांना मधल्या टेबलाभोवती बोलावलं.

जवळच्या हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले या धुलाईघरात येत. मालक धंदा गुंडाळून गेला, तेव्हा या मंडळींनीच तो चालवायला घेतला होता. "जाताना खुर्चीसुद्धा घेऊन गेला," गठ्ठे ने-आण करणारा गाडीवाला नेहमी म्हणायचा. "बरं झालं. नाहीतर आपल्यातलंच कोणीतरी तिच्यात बसलं असतं." तेव्हापासून रोज सकाळी टेबलाभोवती उभं राहून कोणी काय करायचं ते ठरे. रजा मागायची नाही, नुसतं सांगायचं. बाकीचे ओढून नेतील. नियम असा एकच, आणि तो ताईनेच सुचवलेला.

"महिनाभर तू यायचं नाहीस," काका म्हणाले. "तुझं काम आम्ही वाटून घेतलंय. घरी बस, झोप, रड. इकडची काळजी नको."

"घरी बसून काय करू?"

"अगं, आई गेलीय तुझी."

"हो," ताई म्हणाली. "ठाऊक आहे मला."

चिमणीने तिचा हात धरला. "भेट झाली ना पण शेवटची? त्या दिवशी माझ्या मुलीला ताप होता, मी आलेच नव्हते. मला नीट कळलंच नाही काही."

ताईने मान हलवली. "मी पोचले तेव्हा आटोपलं होतं."

"भावाने उशिरा कळवलं का?" काकांनी विचारलं.

हो म्हणाली असती तर तिथेच मिटलं असतं. पण या टेबलाशी उभं राहून ती कधी खोटं बोलली नव्हती.

"सकाळीच फोन आला होता. मी नुकती इथे आत पाऊल टाकत होते."

 कोणीतरी जाऊन धुलाईची मशीनही बंद केली.

"सकाळी?" काकांनी टेबलाची कड धरली. "आणि तू दिवसभर इथे? अगं बाई, एक शब्द टाकायचास! आम्ही काय तुला अडवलं असतं?"

"नसतं अडवलं. तेच तर."

तिने टेबलावरची एक चादर पुढ्यात ओढली. 

"चिमणी नव्हती. गाडीवाल्याची कंबर धरलेली, तरी बिचारा वाकडा होऊन गठ्ठे उतरवत होता. काका, तुम्ही एकटे बॉयलरही बघत होता आणि मशीनही. मी जाते म्हटलं असतं, तर तुम्ही दोघं एका आवाजात 'जा' म्हणाला असतात, आणि मागे मरेस्तोवर राबला असतात. म्हटलं, एवढा ढीग उरकू. मग म्हटलं, एवढा आणखी. आई याआधीही अशी जाता जाता परत आली होती. वाटलं, थांबेल माझ्यासाठी."

"ताई, पुरे," गाडीवाला म्हणाला.

"भावाचे फोन येत होते. मी निघते, निघते म्हणत होते. तिकडे ती विचारायची, निघाली का? तो सांगायचा, निघालीय, वाटेत आहे. दार वाजलं की मान वळवायची म्हणे. शेवटपर्यंत तिच्या लेखी मी वाटेतच होते."

चिमणीने तिचा हात सोडून दिला होता. "माझ्यामुळे," ती पुटपुटली.

"तुझ्यामुळे नाही गं. कोणामुळेच नाही." ताई काकांकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "मालक असता ना, काका, तर तो नाही म्हणाला असता. मी त्याच्या नावाने बोटं मोडली असती, चार शब्द सुनावले असते आणि तरातरा निघून गेले असते. तुमच्याशी कशी भांडू? तुम्ही तर कधी नाही म्हणतच नाही!"

मग ती टेबलावरच्या चादरींत तोंड खुपसून रडली. कोणी तिला गप्प केलं नाही.

त्या दिवशी काम सुरू करायला कोणाचा हात उचलला गेला नाही. काकांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलत.

"आज चादरी पोचणार नाहीत," ते म्हणाले. "थोडी अडचण आहे."

"चालेल की," पलीकडची बाई सहज म्हणाली. "एखाद्या दिवसाच्या जास्तीच्या असतातच आमच्याकडे."

काकांनी घाईने फोन बंद केला. पण ताईने ऐकलं होतं. तिने चादरीतून तोंड वर काढलं. तिचं रडणंही थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आलीच. तिला परत पाठवायचं धाडस कोणाला झालं नाही. टेबलाभोवती सगळे उभे राहिले, पण काकांनी कामाचं काढलं नाही.

"कामाचं नंतर," ते म्हणाले. "आधी सांगा, आज इथलं सोडून दुसरीकडे कोणाला असायला हवं?"

आधी सगळे घुटमळले. मग चिमणी म्हणाली, मुलीला डॉक्टरकडे न्यायचंय. गाडीवाल्याने कंबर दाखवून यायचं कबूल केलं. "गठ्ठे पडून राहिले तर राहू देत," काका म्हणाले. "निघा."

मग ते ताईकडे वळले. विचारावं की नाही, त्यांना कळेना. पण वगळताही येईना.

"आणि तू?"

ताईने खरंच थोडा वेळ विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "मला आता कुठे पोचायचं नाहीये."