जागवलेला बैल

मानीबाईनं वाटेत बाभळीची काटेरी फांदी टाकली आणि पाखऱ्याला पुढं ओढलं. एरवी हा बैल नवा दोर दिसला तरी आधी हुंगायचा. आज त्यानं फांदीवर सरळ पाय दिला. काटा खुरांच्या बेचक्यात शिरला, तरी तो थांबला नाही.

"किती राती जागवला याले?"

तिचा नवरा धावजी छकडीचं जू आवळत होता. तो बबनरावांकडं सालानं होता आणि शर्यतीत त्यांची जोडी हाकायचा. त्यानं मान वर केली नाही. "तीन. मालक सोता बसले व्हते. बैल बसला का डबा वाजवायचे."

बोरी अरबच्या शंकरपटातली ही शेवटची फेरी होती. पट संपला की चाळीस पावलांवर नाल्याची उभी दरड होती. ती दिसली की पाखऱ्या चाल मोडायचा. गेल्या वर्षी तेवढ्यानंच बबनरावांचा पहिला नंबर हुकला होता.

बबनराव फांदीकडं बघत जवळ आले. "पाह्यलं ना बाई? काट्याले भेला नाही. आता नाल्याले कायले भेईन?"

"त्याचं भेव गेलं नाही मालक, त्याचं ध्यान गेलं. तो भेत होता म्हणून माह्या नवऱ्याचे हातपाय शाबूत हायेत."

"चांदीचं कडं हाय पहिल्या नंबराले."

"मंग तुम्हीच घाला. हा नाही बसत."

"काय रे धावजी, बायकोच्या पदराआड लपून राह्यला काय?"

भोवतीचे लोक हसले. धावजीनं छकडीवर पाय ठेवला. मानीबाईनं त्याच्या धोतराचा सोगा धरून त्याला मागं खेचलं.

"मुक्या जनावराले तीन राती छळलं, आता माह्या घरचा माणूस घालता काय नाल्यात? एवढी हिंमत असन तं तुम्ही बसा! पाहू द्या गावाले!"

बबनराव पन्नाशीचे होते. गुडघ्यामुळं साध्या बैलगाडीत चढायलाही त्यांना दुसऱ्याचा हात लागायचा. दुसऱ्या कोणत्याही दिवशी ते शिवी हासडून निघून गेले असते. आज त्यांनी लाल डोळ्यांनी तिच्याकडं पाहिलं, धावजीच्या हातातला कासरा हिसकला आणि छकडीवर बसले.

"मालक, उतरा. तुम्हीबी तीन राती झोपले नाही," धावजी म्हणाला.

"हट!"

झेंडी पडली.

जोडी सुटली तशी सगळी गर्दी ओरडली. शेवटच्या रेषेपाशी पाखऱ्यानं चाल मोडली नाही. दरडीपाशीही नाही. जोडीचा दुसरा बैल बाजूला ओढत होता, आणि बबनराव कासरा खेचायचा सोडून पाखऱ्याची शेपटी पिरगाळत होते.

लोक नाल्यात उतरले तेव्हा बबनरावांचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता. "पहिले आलो ना? आपण पहिले आलो ना?" एवढंच ते विचारत होते. दुसरा बैल जू तोडून उभा थरथरत होता. पाखऱ्या वाळूत आडवा होता. त्याचा पुढचा पाय भलत्याच बाजूला वळला होता.

मानीबाईनं त्याच्या नाकपुडीला तळहात लावला. श्वास येत होता, संथ आणि सारख्या अंतरानं. पाय मोडलेला असताना तो गाढ झोपला होता.

बबनरावांचा पुतण्या नागोराव बैलाला टोचायची तुतारी घेऊन आला. तिच्या टोकाला खिळा होता.

"सरक बाई. उठव त्याले. पंचांले जोडी उभी दाखवा लागते, नाही तं नंबर जाते."

मानीबाईनं वाळूतला दगड उचलला.

"लाव हात," ती म्हणाली. इतक्या हळू, की पाखऱ्याचा कानसुद्धा हलला नाही.