बाबांचा तंबू

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांचा तंबू घेऊन मी आईला स्कॉटलंडच्या रानात आणलं. जवळपास ना नळ, ना टॉयलेट. जन्मभर "चिखलात झोपायची हौस तुझ्या बाबांची!" म्हणत आलेली आई इथे टिकेल का, हीच धास्ती होती. त्यात माझ्या हातून तंबू दोनदा कोसळला.

"सरक. वाऱ्याच्या तोंडाला दार ठेवतात का कोणी?" म्हणत आईने खुंट्या घेतल्या आणि पाच मिनिटांत तंबू उभा केला.

"आई, हे कधी शिकलीस?"

"तू नॉटिंगहॅमला शिकायला गेलीस ना, तेव्हापासून दर वर्षी यायचो आम्ही."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

आई चक्क लाजली.

"सांगितलं असतं, तर तूही आली असतीस."