एकतीस जून

"आजी, वर्षभराच्या तिथी फाइलमध्ये आल्या. आता हा जुना कॉम्प्युटर भंगारात दिला तरी चालेल," ऋजुता म्हणाली. तिने लिहिलेल्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्याशा प्रोग्रॅमने, तारीख टाकली की तिथी सांगणारा आजोबांनी लिहिलेला प्रोग्रॅम आपोआप चालवून काळ्या पडद्यावरची ओळ न् ओळ टिपून घेतली होती.

कुमुदताईंनी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. प्रतिपदा होती, अष्टमी होती, पण ज्यांनी हे लिहिलं ते कुठेच नव्हते.

"एकतीस जून टाक बघू."

"काहीतरीच काय आजी! जूनला एकतीस तारीख असते का?"

"तू टाक गं."

ऋजुताने स्क्रिप्टला ती तारीख दिली. पडद्यावर रोमन अक्षरांतलं मराठी उमटलं, 'अगं, जूनला एकतीस दिवस तुझ्या माहेरी असतील!' ऋजुता खो खो हसली. मग तिने या वेळची नवी फाइल उघडली, तर ती कोरी.

"चूक दाखवणारी वाक्यं वेगळ्या वाटेने येतात, आजी. ती वाट मी धरलीच नव्हती." तिने स्क्रिप्ट दुरुस्त करून पुन्हा चालवली. या वेळी टोमणा फाइलमध्ये उतरला.

कुमुदताई त्या ओळीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. "आता एकतीस सप्टेंबर टाक. तेव्हा तुझे आजोबा फार चिडले होते."

"एवढी कशी गं चुकायचीस?"

"मुद्दाम! समोर बसले की गप्प असायचे. मी चुकले, की दुसऱ्या दिवशी यात नवा टोमणा घातलेला असायचा. मला महिन्यांचे दिवस येत नाहीत, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटलं."