झग्याचं बटण

चर्चची धान्याची पिशवी पायाशी ठेवून ती परक्या दाराबाहेर उभी राहिली आणि स्वतःच्या कोटाचं बटण उपटायला लागली. मेलं निघेना! तिला आई आठवली. बाप गेला तरी आईचा ताठा काही गेला नव्हता; फुकटाच्या दाण्याला ती हात लावायची नाही. म्हणून फादर पिशवी घेऊन दारात यायचे आणि म्हणायचे, “बाई, झग्याचं बटण पुन्हा तुटलं बघा. लावून द्या, ही तुमची मजुरी.” मग घरात चूल पेटायची. एकदा हिनं खिडकीतून पाहिलं, फादर कोपऱ्यावर स्वतःच बटण तोडत होते. ते गेल्यावर ही आईवर डाफरली, “लबाड आहेत ते! आणि तू? सगळ्यांचं शिवण पक्कं, त्यांचंच बटण एका टाक्यावर?” आईनं सुई डब्यात ठेवली. “हळू बोल गं. पक्कं लावलं, तर तोडताना झगा फाटेल ना त्यांचा.”