डाव्या हाताची कानस

परीक्षकांनी जॉब खिडकीसमोर धरला. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत बसवलेले, आणि सांध्यातून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. बाकीच्या चाळीस जणांच्या जॉबच्या फटीतून पलीकडचा फळा वाचता आला असता.

वर्कशॉपचे मिस्त्री दाराशी हजेरीची यादी घेऊन उभे होते. चेहरा कोरा ठेवायचा, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. तरी त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलंच. जॉब त्यांच्या लेकीचा होता.

हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना आडनाव असतं हेच मुळात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी तिने घरी बजावलं होतं, "बाबा, कॉलेजात ओळख दाखवायची नाही. तुम्हाला तिथे पोरंही 'ए मिस्त्री' म्हणून हाक मारतात." त्यांना ते फार लागलं. पण पोरगी शिकून मोठी होणार, तर बापाने एवढं गिळायला काय हरकत आहे? वर्षभर तीही त्यांना 'मिस्त्री' म्हणत आली, इतरांपेक्षा जरा चढ्या आवाजात.

घरी मात्र दहा वर्षांची असल्यापासून ती त्यांच्या शेजारी उभी राहून लोखंड घासायची. मिस्त्री डावखुरे. पोरगी उजवी, लिहिणं, जेवण सगळं उजव्या हाताने. पण कानस तिने बापाचं बघून उचलली, ती डाव्या हातात. "उजव्यात धर गं," ते कितीदा सांगायचे. "उजव्यात ती माझं ऐकत नाही," ती म्हणायची. शेवटी त्यांनीच नाद सोडला. परीक्षेचा जॉब आपापल्या सोयीने करून आणायचा होता; तिने तोही घरीच, डाव्या हाताने घासला.

परीक्षक कारखान्यात हात काळे करून वर आलेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि तुकडा फिरवून फिरवून पाहिला.

"घासल्याच्या रेघा उलट्या बाजूला तिरक्या आहेत," ते म्हणाले. "हे डावखुऱ्याचं काम. तू तर आत्ता उजव्या हाताने सही केलीस."

मग त्यांची नजर दाराकडे गेली. मिस्त्री यादीवर खुणा करत होते, डाव्या हाताने. सगळ्यांनी एकदमच पाहिलं.

नियम वर्कशॉपच्या भिंतीवर लावलेला होता. दुसऱ्याकडून जॉब करून घेतला, तर विद्यार्थ्याला आणखी एक संधी. कर्मचाऱ्याने तो करून दिला, तर कर्मचारी त्याच दिवशी घरी. मिस्त्रींची सव्वीस वर्षं झाली होती या जागी.

"साहेब," ते पुढे येऊन म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? पोरीच्या हातात कानस देऊन बघा."

परीक्षकांना ते पटलं. त्यांनी नवा तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि कानस तिच्यापुढे ठेवली.

"घे. डाव्या हाताने घासायला कुठे शिकलीस ते पण सांग. का मिस्त्रींचीच पोर आहेस?"

वर्ग खदखदून हसला. "छोटी मिस्त्री," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा आणखी वाढला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मिस्त्री तिच्याकडे पाहत होते. एका 'हो'चं काम होतं. तेवढ्यावर तिचे गुणही राहत होते आणि त्यांची भाकरीही. पोरं हसतील चार दिवस आणि विसरतील. बोल बाई, ते मनात म्हणाले. नाही बोललीस तरी चालेल, नुसती घास.

तिने कानस उचलली. उजव्या हातात धरली. कानस कड सोडून घसरली, करकरली, तुकड्याचा कोपरा गोल होऊन गेला. इतकं भिकार काम तिने दहाव्या वर्षीही केलं नव्हतं. चार हात मारून ती थांबली.

"मिस्त्रींनी करून दिला, सर," ती खाली बघत म्हणाली. "मी नको म्हणत होते. तेच सारखे मागे लागले होते."

यातलं शेवटचं वाक्य तिने नसतं उच्चारलं तरी भागलं असतं. हशा थांबला. पोरं मिस्त्रींकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली, आणि एकीने तिचा हात धरून तिला त्यांच्यापासून लांब, खिडकीकडे नेलं. मिस्त्रींना आधी काही कळेना. कळलं तेव्हा ते आपणहून दोन पावलं मागे सरले.

परीक्षकांनी तिच्या क्रमांकापुढे 'पुन्हा संधी' असं लिहिलं. मग भिंग खिशात टाकून ते मिस्त्रींसमोर येऊन उभे राहिले.

"चाळीस जणं सोडून या एका मुलीचाच कळवळा कसा आला तुम्हाला? या वयात? घरात लेकीबाळी आहेत की नाहीत?"

मिस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं. ती ओढणीने हात पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"नाहीत, साहेब," ते म्हणाले.