येऊ दे

मोटरहोम बाळगणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे: गाडी मागे घेताना आरशावर विश्वास ठेवू नका, बायकोवर ठेवा. आरशात आपल्याच घराची भिंत दिसते. बायकोला आपल्या चुका दिसतात.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी मुक्काम करायचा होता. मागे उतार आणि त्याखाली खोल पाणी. बायको खाली उतरली. थोड्या वेळाने मागच्या पत्र्यावर थाप पडली आणि तिचा आवाज आला, "येऊ दे... येऊ दे..."

मी निमूटपणे रिव्हर्स घेत राहिलो.

"बस का गं?" मी ओरडलो.

"येऊ दे! भरपूर जागा आहे."

तेव्हा कानाला खटकलं. ही मला लग्नापासून 'अहो' म्हणते. गाडी मागे घेताना तिचं ठरलेलं असतं, "येऊ द्या." भांडणात ती माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार करते, पण तोही अहो-जाहो करून.

मी ब्रेक दाबला. मागची चाकं ओल्या मातीत किंचित घसरली आणि थांबली.

समोरून बायको धावत आली. तिच्या दोन्ही हातांत चाकांखाली लावायचे दगड होते.

"अहो, पाण्यात चाललात! मी अजून दगडच शोधत होते. मागे घ्यायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

'तूच की,' असं मी म्हणणारच होतो.

पुन्हा थाप पडली. या वेळी माझ्या सीटच्या पाठीवर.

काचेसमोर उभ्या असलेल्या बायकोचे ओठ मिटलेले होते.

"थांबलास का रे?" तिचाच आवाज माझ्या कानाशी म्हणाला.