आमलीपाड्याची वेळ

भिंतीवरच्या नकाशात दुबई अगदी जवळ होती आणि आमलीपाडा पार आफ्रिकेपलीकडे, कडेच्या खिळ्यापाशी. कुलथे सरांना आता त्याचा रागही येत नसे. सात वर्षांपूर्वी शाळाशाळांत हे नकाशे आले. त्यांत अंतर मैलांचं नव्हतं, पोचायला लागणाऱ्या वेळेचं होतं. तालुक्याच्या तळावरून सुटलेलं यान पाऊण तासात दुबईला उतरायचं. आमलीपाड्याला अजून रस्ताच नव्हता. डोंगराला वळसा घालून सहा तासांची पायपीट.

वसतिगृहात राहणारी रेलू पावरा त्या पाड्यावरची.

"रेलू, तुमच्याकडे आत्ता रात्र असेल ना गं?" बाकावर शेजारी बसणाऱ्या तन्वंगीनं विचारलं. त्यात चेष्टा नव्हती. पश्चिमेला जावं तसं घड्याळ मागं पडतं, हे सरांनीच परवा शिकवलं होतं.

सर गुडघ्यावर हात टेकून उठले. "खिडकीतून बघा रे. तो समोरचा डोंगर दिसतोय ना, तिथंच तिचं घर आहे. ऊन पडलंय की नाही?"

मुलांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग नकाशाकडे.

"सर, तो दुसरा डोंगर असेल," तन्वंगी समजुतीच्या सुरात म्हणाली.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी आपला फोन रेलूपुढे धरला. "घे, आईशी बोल."

रेलूनं भिंतीकडे पाहिलं आणि हात मागं घेतला.

"नको सर. झोपली असेल ती."